निवडक कागद आणि उरलेली पस्ती : सुरतेची वखार ते हजीऱ्याची ड्रॉइंग रूम

आपल्या मंडळाच्या बैठकीत 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या ग्रंथाचं नाव निघालं की बहुतेकांचे हात आदराने कानाच्या पाळीला लागतात. ते योग्यच आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली हा ग्रंथ काढला. १६५९ ते १६८२ या काळातल्या इंग्रजी कागदांतून शिवाजी महाराजांसंबंधीचा मजकूर वेचून तो तारखेच्या क्रमाने छापला. सुरतेच्या लुटीवर लिहिणाऱ्याचं पान या ग्रंथावाचून हलत नाही. माझंही हललेलं नाही.

तरी आज या ग्रंथावर एक आक्षेप घ्यायचा आहे. तो घेताना माझ्या स्वतःच्या सहीच्या एका कागदाचीही झडती द्यावी लागणार आहे, कारण दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे. मी शिकलेला इतिहासकार नाही. हजीऱ्याच्या कारखान्यांत पाइपलाइन आणि प्रेशर व्हेसल यांच्यात आयुष्य गेलं, इतिहास पुढे स्वतःच वाचून शिकलो. त्यामुळे जुन्या कागदांकडे बघताना माझा पहिला प्रश्न 'यात काय लिहिलंय' असा नसतो. 'हा कागद कुठल्या कामासाठी तयार झाला आणि त्याच्या मागेपुढे कोणता कागद होता' असा असतो.

वखार म्हणजे एक ऑफिस

आज हजीऱ्याला जाणाऱ्या माणसाला चिमण्या, जेट्टी आणि ट्रकच्या रांगा दिसतात. तिथूनच जवळ सुवाली आहे, रविवारी सुरतकर जिथे दर्यावर फिरायला जातात ते. इंग्रजांच्या कागदांतलं 'स्वाली' ते हेच. १६१२ साली थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांशी लढाई केली ती याच किनाऱ्यासमोर. १६१५ मध्ये सर थॉमस रो उतरला तोही इथेच. मोठी जहाजं सुवालीला नांगर टाकायची आणि माल तिथून शहरातल्या वखारीकडे जायचा.

आपण वखार म्हटलं की तलवारी, तोफा, टोपीकर असं चित्र डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात ती होती एक कचेरी. प्रेसिडेंट, त्याचं कौन्सिल, हिशेब ठेवणारे, माल मोजणारे, पत्रं उतरवून काढणारे कारकून. कौन्सिलने बसून काही ठरवलं की ते 'कन्सल्टेशन'च्या वहीत लिहायचं आणि हजर असलेल्यांनी खाली सह्या करायच्या. रोजच्या घडामोडी डायरीत. बाहेर गेलेल्या पत्रांची नक्कल एका वहीत, आत आलेल्यांची दुसऱ्या वहीत. लंडनला जाणारं महत्त्वाचं पत्र एकाच जहाजावर विसंबून पाठवायचं नाही, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने जायची. एक बुडालं तर दुसरं पोचेल.

हे सगळं इतिहासाच्या प्रेमापोटी चाललेलं नव्हतं. मालक लंडनला बसलेला, पत्राचं उत्तर यायला वर्ष उलटायचं. एवढ्या लांबून नोकरांवर नजर ठेवायची तर कागदाशिवाय दुसरा उपाय नव्हता. पैसा कोणाच्या हुकमाने खर्च झाला, भाव कोणी ठरवला, कोण गैरहजर होता, हे वहीने सांगितलं पाहिजे. त्या नजर ठेवण्यातून आपल्या हाती साडेतीनशे वर्षांनी सुरतेचा इतिहास आला. आज त्या वह्यांचा एक मोठा साठा मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात आहे, आणि दुसरा लंडनला.

आक्षेप

आता ग्रंथाकडे. जानेवारी १६६४ चे उतारे वाचा. महाराज येत असल्याची बातमी, किल्ल्यात जाऊन बसलेला मोगल सुभेदार, सर जॉर्ज ऑक्झेंडेनने सुवालीच्या जहाजांवरून खलाशी आणून वखारीचा केलेला बंदोबस्त, सुवालीहून एकटा येताना पकडला गेलेला अँथनी स्मिथ. वाचताना अंगावर काटा येतो. पण या उताऱ्यांवरून चित्र काय उभं राहतं? जणू त्या वर्षी वखारीत दुसरं कामच नव्हतं. सगळे इंग्रज उठता-बसता शिवाजीचाच विचार करत होते.

तसं नव्हतं. त्याच वह्यांत कापड आहे, नीळ आहे, मिरी आहे, दलालांची भांडणं आहेत, उशिरा आलेली जहाजं आहेत, पगाराच्या तक्रारी आहेत. त्या गर्दीत ही बातमी किती जागा अडवते, किती दिवस अडवते, नंतर किती लवकर मागे पडते, हे कळल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. संपादकांनी 'शिवाजी' हा शब्द असलेला मजकूर घेतला आणि शेजारचा सोडला. त्यामुळे आपल्याला पत्रं मिळाली, पण वही हातची गेली.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. कंट्रोल रूममध्ये पूर्वी चार्ट रेकॉर्डर असायचे. गोल किंवा लांब कागदावर शाईची पिन चोवीस तास दाबाची रेघ काढत राहायची. अपघात झाल्यावर कोणी त्या चार्टमधून दाब चढलेला तेवढा तुकडा कात्रीने कापून फाइलला लावला, तर तो तुकडा खोटा नसतो. पण दाब अचानक चढला की आठवडाभर हळूहळू चढत होता, हे त्या तुकड्यावरून कधीच सांगता येणार नाही. ते कापून टाकलेल्या कागदावर होतं.

दुसरी गोष्ट हेतूची. लुटीनंतर बादशहाकडून सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकातमाफी मिळाली. इंग्रजांनाही सवलत हवी होती. आपण शहर कसं राखलं हे दरबारात आणि लंडनला दोन्हीकडे ठसवण्यात वखारीचा रोकडा फायदा होता. शौर्याचं वर्णन करणारं पत्र आणि जकातीची सवलत मागणारं पत्र एकाच टेबलावर, एकाच शाईने लिहिलं जात होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर पहिल्यातला किती भाग बातमीचा आणि किती अर्जाचा, याचा अंदाज येतो. वेगळी केली की पहिलं पत्र निव्वळ शौर्यकथा होऊन बसतं, आणि आपण व्याख्यानांत तेच वाचून दाखवतो.

तिसरी गोष्ट गप्प राहण्याची. एखाद्या महिन्यात वखारीच्या वहीत महाराजांचा उल्लेखच नसेल तर तोही पुरावा आहे. धास्ती ओसरली का? बातमी पोचली नाही का? वेचून केलेल्या ग्रंथात असा रिकामा महिना दिसतच नाही. तो वगळलेल्या पानांबरोबर निघून जातो.

आता न्यायाने बोलायचं तर ग्रंथाची बाजूही मांडली पाहिजे. १९३१ साली पुण्यातल्या अभ्यासकाला लंडनचे कागद बघायला मिळणं जवळपास अशक्य होतं. सगळ्या वह्या छापायच्या म्हटल्या असत्या तर एकही छापून झाली नसती. आणि संपादकांनी एक फार मोठी गोष्ट केली, उताऱ्याबरोबर तो कुठल्या मालिकेतल्या कुठल्या खंडातून घेतला हे नोंदवलं. म्हणजे परतीची वाट ठेवली. कोणाला शेजारचं पान बघायचं असेल तर तो त्या वहीपर्यंत जाऊ शकतो. विल्यम फॉस्टर यांच्या 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' या मालिकेतही (१९०६ ते १९२७, खंड १३, काळ १६१८ ते १६६९) निवड आणि गोषवारेच आहेत. पण तिथे विषय एक माणूस नसून संपूर्ण वखार आहे, म्हणून व्यापार आणि लूट एकाच पानावर भेटतात. माझ्या मते सुरतेचा अभ्यास करणाऱ्याने आधी फॉस्टर वाचावा आणि मग 'इंग्लिश रेकॉर्ड्स'. आपण उलट करतो, किंवा फॉस्टर उघडतच नाही.

थोडक्यात, निवड करणं हा गुन्हा नाही. मूळ साठा जागेवर आहे आणि निवडीतून तिथे जायची वाट आहे, तोवर निवड हे साधन आहे. मूळ साठाच गेला की मात्र निवड म्हणजे नाश. हे मला ग्रंथ वाचून कळलं नाही. हजीऱ्यात कळलं.

ड्रॉइंग रूम

हजीऱ्याचं आजचं रूप १९८० नंतरचं. गॅस आला, मग खताचा कारखाना, वीज, पोलाद, पॉलिमर, बंदर. मी १९९० साली नोकरीला लागलो तेव्हा कारखान्याचं डोकं कंट्रोल रूममध्ये असलं तरी आठवण ड्रॉइंग रूममध्ये असायची. अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत झोंबणारा वास, ट्रेसिंगच्या गुंडाळ्या, परदेशी कंपन्यांची जाडजूड मॅन्युअल्स. ते खातं सांभाळणारे एक गुजराती काका होते. कुठला नकाशा कोणाकडे गेलाय हे वहीत लिहिल्याशिवाय ते जनरल मॅनेजरलाही कागद देत नसत.

प्लांट उभा राहताना नकाशात नसलेले शंभर बदल होतात. ते लाल पेनने प्रिंटवर मारायचे आणि नंतर त्यावरून 'अ‍ॅज-बिल्ट' नकाशा करायचा, अशी पद्धत. लाल पेन सगळेच मारतात. पुढचं काम मात्र प्रॉडक्शन सुरू झालं की मागे पडतं. आणि हा प्रश्न टापटिपीचा नाही, जिवाचा आहे. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी स्फोट होऊन २८ माणसं गेली. बंद केलेल्या रिॲक्टरच्या जागी घातलेली तात्पुरती पाइप निखळली होती, आणि त्या पाइपचा नकाशा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती, एवढाच होता. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ जण गेले. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे ही माहिती परमिटच्या कागदावर होती, पण रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ती पोचली नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. कागद होता, पण ज्या कागदाशेजारी असायला हवा तिथे नव्हता.

१९९० नंतर आमच्याकडे आयएसओ ९००१ ची लाट आली. तिने शिस्त आणली हे खरं. प्रत्येक रजिस्टरला नंबर आला, नमुना आला, आणि एक नवा रकाना आला, 'जतन कालावधी'. शिफ्ट लॉगबुक इतकी वर्षं, परमिट इतके महिने. त्याआधी जुनी वही का ठेवायची हे कोणी विचारत नसे, म्हणून ती कपाटात पडून राहायची. आता मुदत संपली की टाकून द्यायला लेखी परवानगी मिळाली.

माझी सही

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात सुरत बुडाली. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो (नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही) तिथल्या तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्येही पाणी शिरलं. नंतर कागद वाळवताना एक कमिटी नेमली गेली. हुकूम सरळ होता : महत्त्वाचं ते स्कॅन करा, बाकीचं काढून टाका. कमिटीत मी होतो. तीन दिवस मास्क लावून बुरशी आलेल्या फायली चाळल्या. नकाशे ठेवले, प्रेशर व्हेसलची सर्टिफिकेटं ठेवली, वेल्डिंगच्या जोडांचे रेडिओग्राफीचे रिपोर्ट ठेवले. लॉगबुकं, ठेकेदारांचा पत्रव्यवहार, गावांशी झालेली रस्त्या-पाण्याची पत्रापत्री, मुदत संपलेली रजिस्टरं, हे सगळं गेलं. सुरतेत रद्दीला पस्ती म्हणतात. दोन टेम्पो भरून पस्ती गेली. यादीखाली माझी सही आहे.

सात-आठ वर्षांनी उधन्याहून एक बाई भेटायला आल्या. मूळच्या नंदुरबारकडच्या. नवरा ठेकेदाराकडे वेल्डर होता, तो वारला होता. त्याच्या प्रॉव्हिडंट फंडात मधली काही वर्षं दिसत नव्हती. ठेकेदार केव्हाच धंदा गुंडाळून गेलेला. "भाऊ, ते तिथंच कामाला होते, तुम्ही तर बघितलंय," त्या म्हणाल्या. मी बघितलं होतं. पण माझं बघणं कार्यालयात चालत नाही.

मी रेडिओग्राफीचे स्कॅन काढले. प्रत्येक जोडासमोर वेल्डरचा नंबर होता, तारीख होती, जोड पास की नापास हे होतं. त्या माणसाने केलेले जोड तिथे ओळीने हजर होते, अजून गॅस वाहून नेणारे. पण नंबर कोणाचा हे सांगणारं वेल्डरांचं रजिस्टर नव्हतं. मुदत संपली म्हणून ते पस्तीत गेलं होतं. आम्ही मोठ्या पाइपांचे कागद राखले आणि त्यांना माणसाशी जोडणारी साधी वही घालवली. त्या बाईंना मी चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की 'महत्त्वाचं' हे कागदाच्या अंगात नसतं, विचारणाऱ्याच्या प्रश्नात असतं. कमिटीने प्लांटचे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवले. विधवेचा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आला नाही. १९३१ च्या संपादकांना शिवचरित्राचे प्रश्न होते, कापड विणणाऱ्यांचे नव्हते. फरक इतकाच, की त्यांच्या निवडीनंतर वह्या शाबूत राहिल्या. आमच्या निवडीनंतर काहीच राहिलं नाही.

आता काय चाललंय

आज सगळं संगणकावर आहे, त्यामुळे काही हरवत नाही, असा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. जुन्या फ्लॉपीवरची ड्रॉइंग्ज उघडत नाहीत. सॉफ्टवेअर बदललं की 'चालू' माहिती नव्यात जाते, जुनी मागे राहते. स्कॅनचं नाव 'स्कॅन०००१' असेल तर तो असून नसल्यासारखा. आणि सगळ्यात मोठी गळती फोनमध्ये आहे. पाळीचा चार्ज आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दिला जातो, व्हॉल्व्हचा फोटो टाकून 'ओके सर' आलं की निर्णय झाला. माणूस निवृत्त झाला की फोन त्याच्या खिशातून घरी जातो. सुरतेच्या वखारीचा नियम याच्या नेमका उलटा होता : पत्र बाहेर जाईल, पण नक्कल वखारीत राहील.

कायद्याचा आधार अर्धाच आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कंपन्यांना लागू आहे. त्यांना नोंद आणि तपासणी झाल्याशिवाय कागद नष्ट करता येत नाहीत. खासगी कंपन्यांना तो लागू नाही. कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या ८ वर्षं ठेवायच्या, आणि त्यांत लॉगबुक येत नाही. मालकी बदलते तेव्हा धोका आणखी वाढतो. हजीऱ्याचा एस्सार स्टील डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्याकडे गेला, तसे बदल उद्योगात होतच राहणार. नवा मालक यंत्रं मोजून घेतो. जुन्या कागदांचा वाली कोण, हे दर वेळी नव्याने ठरतं.

करता येत नाही असं मात्र नाही. रिझर्व्ह बँकेने १९८१ मध्ये पुण्यात पुराभिलेखागार काढलं. टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार १९९१ पासूनचं, तेही आज पुण्यात आहे. गोदरेजने २००६ मध्ये विक्रोळीला स्वतःचं सुरू केलं. हजीऱ्याच्या पट्ट्यात एवढे मोठे उद्योग आहेत, त्यांनी मिळून एक छोटी जागा काढायला हरकत नाही.

तोवर माझ्या तीन साध्या सूचना. एक, नंबर आणि नाव यांची सांगड घालणारी रजिस्टरं, मग ती वेल्डरांची असोत, ठेकेदारांची असोत की नकाशांची, कधीही टाकू नयेत. ती पातळ असतात, जागा अडवत नाहीत. दोन, लॉगबुकं टाकायचीच असतील तर दर वर्षाचा एक महिना जसाच्या तसा, सगळ्या खात्यांचा, ठेवावा. निवडक पानं नकोत, सलग महिना हवा. तीन, काय नष्ट केलं त्याची सविस्तर यादी कायम ठेवावी.

आणि आपल्यासाठी एक. आपण या संकेतस्थळावर 'दुर्मीळ पत्र' म्हणून एकेक कागद टाकतो, लोक खूश होतात. यापुढे त्याखाली तो कुठल्या दप्तरातून, कुठल्या रुमालातून आला आणि त्याच्या मागचा-पुढचा कागद कोणता, एवढं लिहायला सुरुवात करू. १९३१ च्या मंडळींनी निदान तेवढं पाळलं होतं.

२००६ च्या यादीची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. परवा काढून पाहिली. वेल्डरांच्या रजिस्टरचं त्यात वेगळं नावच नाही. 'कपाट क्र. २, जुनी रजिस्टरं, संपूर्ण' एवढी एकच ओळ आहे, आणि खाली सही.